साडेदहाचा उपग्रह

आमच्या कामाचा रिपोर्ट वाचायला घेतलात तर दुसऱ्या पानावर झोप लागेल. तापमान, वेळ, वाऱ्याचा वेग, पुन्हा तापमान. पण ते आकडे गोळा करायला जे आम्ही तीन जण उन्हातान्हात तलावावर जातो, त्यांच्याजवळ किस्से साठत जातात. रिपोर्टमध्ये त्यांना जागा नसते. मग ते चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत नाहीतर गाडीत बाहेर पडतात. परवा मित्रांमध्ये बसलो होतो, एकाने विचारलं, "तू नेमकं काम काय करतो बाप्पा?" मी सांगायला लागलो आणि सगळ्यांची जेवणं गार झाली. म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

तर काम असं. वर एक उपग्रह फिरतो. त्याला एक डोळा आहे इन्फ्रारेडचा, म्हणजे उजेड नाही, उष्णता बघणारा. शेतातलं पीक तहानलं की ते पिवळं पडायच्या आधी तापतं. हा डोळा तो ताप आधी ओळखू शकतो. पण वर गेल्यापासून त्याचं बिनसलं होतं. फोटोत नुसते पट्टे यायचे. कारण त्या डोळ्यात बारीक बारीक भाग असतात ओळीने, आणि प्रत्येकाची जीभ वेगळी. एकाच भाजीत एकाला मीठ कमी लागतं, दुसऱ्याला जास्त. शिवाय सगळे मिळूनही खरं तापमान सांगत नव्हते, थोडं इकडे नाहीतर थोडं तिकडे.

अशा वेळी खालून खरं माप द्यावं लागतं. उपग्रह डोक्यावरून जातो त्याच क्षणी जमिनीवर, पाण्यावर किती तापमान आहे ते आपण मोजायचं आणि वरच्याला सांगायचं, बाबा, चव अशी आहे. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. त्यासाठी आर्णीपासून थोडं आत, एका गावाचा तलाव आणि त्याच्या बाजूचं पडीक मोकळं रान निवडलं होतं. उपग्रह यायचा सकाळी साडेदहाला, पण रोज नाही, पंधरवड्यातून एखादा दिवस.

हा डोळा नंदा मॅडमचा. म्हणजे त्यांनी तो बनवला, त्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि आता त्या निवृत्तीला आल्या होत्या. वरिष्ठांकडून निरोप आला होता की पाऊस सुरू व्हायच्या आत मापं जुळली तर ठीक, नाहीतर उपग्रह चालू राहील पण हा डोळा कायमचा मिटेल. मॅडम नागपूरच्या. मी यवतमाळ शहरातला, घरात सगळे कचेरीत नोकऱ्या केलेले, उन्हात उभं राहायची सवय नसलेला. तिसरे सलीमभाई, आर्णीत वेल्डिंगचं दुकान आणि एक जुनी जीप. ती जीप आणि ते स्वतः, दोन्ही आमच्या कामाला लागले.

*

पहिल्याच दिवशी मी तापमान मोजायची बंदूक घेऊन रानात उतरलो. तुम्हाला माहीत आहे ती, कोरोनाच्या काळात दुकानाच्या दारात कपाळाला लावायचे तीच जात, फक्त आमची जरा महाग. मी ती मातीवर रोखली. मागे वळून पाहतो तर एक म्हातारबाबा टोपी काढून, कपाळ पुढे करून उभे.

मी समजावलं, "बाबा, हे जमिनीसाठी आहे."

"जमीन कुठं पळून राह्यली? आधी मले पाहा."

पाहिलं. मग त्यांच्या मागे अर्धं गाव लागलं. सलीमभाई रांग लावायला उभे राहिले, जसं काही सरकारी शिबिरच आहे. रांगेत एक ठसठशीत बाई होत्या, कौसाबाई. त्यांनी डोळे घट्ट मिटून कपाळ पुढे केलं आणि मला दम दिला, "मोजा, पण आकडा सांगू नका. आकडा आयकला का मले बिमार वाटते."

तेवढ्यात तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, मॅडमनी हाक मारली, "किती झालं रे?"

"मॅडम, माती एक जागा, माणसं चाळीस. सगळे ठणठणीत आहेत."

*

पाण्याचं तापमान मोजायला तलावाच्या मधोमध यंत्र तरंगत ठेवायचं होतं. सलीमभाईंनी रिकामे ड्रम आणि लोखंडी अँगल जोडून तराफा बनवला. मॅडमनी चार वेळा विचारलं, "बुडणार नाही ना?" सलीमभाई म्हणाले, "मॅडम, ड्रमची गॅरंटी माही. मशीन का अपने को मालूम नहीं."

तराफा पाण्यात उतरवायचा दिवस आला. आता विज्ञान आपल्या जागी, पण नवी वस्तू आणि नारळ नाही असं आपल्याकडे होत नाही. सलीमभाईंनी दर्ग्यातून रेवड्या आणल्या होत्या, मॅडमनी नारळ. मॅडमनी तो काठावर बांधलेल्या तराफ्याच्या अँगलवरच आपटला. एका दणक्यात फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोडं पाणी यंत्राच्या काचेवर उडालं, ते मी रुमालाने पुसलं, आणि तराफा दोरीला तसाच ठेवून आम्ही घरी गेलो, कारण उपग्रह परवा येणार होता.

त्या दिवशी तराफा तलावाच्या मध्ये ढकलला, तर यंत्र पाणी सोडून भलतंच काही सांगायला लागलं. आकडा वर जाई, खाली येई, पुन्हा वर. मॅडम घामाघूम. शेवटी तराफा ओढून काठावर घेतला, यंत्राचं झाकण उघडलं, तर आत मुंग्या. दोरीवरून शिस्तीत ओळ लागलेली. नारळाचं पाणी वाळून काच गोड झाली होती. आम्ही सकाळभर तलावाचं नाही, मुंग्यांचं तापमान मोजलं होतं. ती फेरी वाया गेली.

मॅडम वाकून काच पुसायला लागल्या. सलीमभाईंनाच राहवलं नाही. "मॅडम, माह्या रेवडीले एक बी मुंगी लागली नाही."

"ती तुम्ही वाटायच्या आधीच संपवलीत सलीमभाई."

*

पुढच्या फेरीला आकाश स्वच्छ, यंत्र स्वच्छ, वारा पडलेला. सव्वादहाला पाळीवरून म्हशी उतरल्या. म्हशींची पाण्यात शिरायची वेळ झाली होती. त्यांनी तळ ढवळला, खालचं गार पाणी वर आलं आणि आमचा आकडा धाडकन खाली गेला.

म्हशी उकंडरावांच्या. म्हणजे कौसाबाईंचे यजमान. मॅडम स्वतः त्यांच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, "दादा, फक्त ज्या दिवशी आम्ही येतो त्या दिवशी म्हशी अर्धा तास उशिरा आणा."

उकंडरावांनी विचार केला. "मॅडम, मी थांबन. म्हशी थांबत नाही. उन्ह चढलं का त्याहीले पाणी पाह्यजेच. तुमच्या त्या उपग्रहालेच जराशी उशिरा बोलवा नं."

"तो नाही थांबत दादा. एक क्षणही नाही. त्याला कोणी सांगूच शकत नाही."

"कायले नाही सांगू शकत?"

"त्याचा रस्ता ठरलेला असतो. वेळ झाली की तो येतोच."

उकंडरावांनी मान डोलावली. त्यांना पटलं. "म्हणजे तोबी म्हशीसारखाच आहे."

पुढच्या खेपेपासून ते म्हशींना दुसऱ्या टोकाच्या डबक्यावर नेऊ लागले. जाताना आम्हाला ओरडून विचारत, "आज तुमची म्हैस टायमावर आहे का?"

*

पाण्यासोबत रानातली माती पण मोजायची असायची. त्यासाठी मी त्या पडीक जमिनीत खुंट्या ठोकल्या होत्या, प्रत्येकीला लाल चिंधी. प्रत्येक खुंटीजवळ थांबायचं, मातीवर बंदूक रोखायची, पुढे जायचं.

एका सकाळी पोहोचलो तर काय सांगू. प्रत्येक खुंटीभोवती छान गोल सारवलेलं, त्यावर सडा, त्यावर रांगोळी, आणि खुंटीच्या डोक्यावर हळदकुंकू. लाल चिंधी बांधलेली खुंटी जमिनीत दिसली की तिथे काहीतरी मंगल कार्य निघालंय, हे गावात कोणालाही कळतं. रान एवढं सुंदर मी कधी पाहिलं नव्हतं, आणि एवढं निरुपयोगीही. ओली माती उन्हात गार पडते. आमच्या सगळ्या खुंट्यांवर माती गारेगार होती आणि बाकीचं रान तापलेलं.

मॅडम पहिल्यांदाच चिडल्या. आता कोणी केलं हे विचारायला निघाल्या, तर कौसाबाई बादली घेऊन शेवटच्या खुंटीवर वाकलेल्या. मॅडमना पाहून त्या उभ्या राहिल्या, घाम पुसला आणि खूश होऊन म्हणाल्या, "पाहा व बाई. तुमी एवढ्या उन्हात येता, वाकू वाकू जमीन पाहता. म्हटलं, तुमच्यासाठी जराशी थंडी करून ठेवतो."

मॅडम तिथेच बादलीशेजारी बसल्या आणि हसत सुटल्या. त्या दिवशी त्यांनी कौसाबाईंकडे जाऊन ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. मातीची मापं त्या फेरीपुरती सोडून दिली.

*

यानंतर वरिष्ठांबरोबर व्हिडिओ मीटिंग झाली. नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर यायचं, म्हणून मॅडम लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथे बसल्या. पलीकडून मोठे साहेब बोलत होते, आवाजात अजिबात राग नाही, आणि तेच जास्त लागत होतं. "नंदा, तू खूप केलंस. पण मुंग्या, म्हशी, रांगोळी, हे मी वर काय सांगू? उपग्रहाचे बाकीचे डोळे, बाकीचे चॅनल, उत्तम चाललेत. पाऊस सुरू झाला की ढग येणार. तोवर एक तरी निर्विवाद माप दे. नाही जमलं तर हा चॅनल आपण बंद करू."

"ठीक आहे सर," मॅडम म्हणाल्या. लॅपटॉप मिटला. डबा उघडला नाही. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटत होतं.

सलीमभाईंनी स्वतःचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. "मॅडम, माह्या दुकानात रोज कोणी तरी गाडी घेऊन येते. म्हणते, सलीम, हे भंगारात टाक. मी म्हणतो, ठेवून जा, संध्याकाळी ये."

"मग? संध्याकाळी?"

"संध्याकाळी तो येतच नाही ना. पण गाडी चालू होऊन जाते."

"मग त्या गाडीचं काय करता?"

सलीमभाईंनी आमच्या जीपकडे मान वळवली. "बसून राह्यले नं तुमी रोज तिच्यात."

मॅडम जेवल्या.

*

त्या वाईट दिवसांतही एक गंमत झाली. पट्टेवाले फोटो अधूनमधून तपासायला यायचे. एकात घाटंजीकडच्या जंगलाच्या कडेला एक ठिपका भलताच तापलेला दिसला. वैशाखातलं सागाचं जंगल म्हणजे नुसता पाचोळा. मॅडम घाबरल्या, वन विभागाला फोन केला, आणि वर मला आणि सलीमभाईंना जीप घेऊन पाठवलं, खरंच आग आहे का ते डोळ्याने बघून या म्हणून.

वाटेत एक वनरक्षक गाडीत बसले. ठिपक्याच्या जागी पोहोचलो तर मारुतीचं एक छोटं देऊळ, आणि समोर चांगला मोठा चर खणून त्यात गोवऱ्यांचा विस्तव धगधगतोय. कोणाच्या तरी नवसाचे रोडगे होते. आमच्याकडे रोडगे म्हणजे कणकेचे गोळे थेट विस्तवात भाजतात, आणि नवसाचे असले की पंचक्रोशी जेवते. तेवढा विस्तव वरून दिसणारच.

वनरक्षक कामाचा माणूस. कडक आवाजात म्हणाले, "इथं आग आहे का?"

एक आजोबा चिमटा हातात घेऊन उठले. "आहे नं साहेब. पण आतमध्ये रोडगे आहेत. जेवून घ्या, मंग इझवा."

वनरक्षकांनी आधी चराभोवतीचा पाचोळा लांबवर झाडून घ्यायला लावला, मग पानावर बसले. मी मॅडमना फोन केला. त्यांनी पहिल्या रिंगलाच उचलला. "काय होतं रे तिथं?"

"रोडगे, मॅडम. आणि वांग्याची भाजी."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे दिसतंय त्याला. अरे, डोळा चांगला आहे, फक्त आकडा चुकतो." किती दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता. मी तिसरा रोडगा घेतला.

*

मृग लागला आणि पाऊस आलाच नाही. आता आमची पंचाईत बघा. आमच्या कामाला निरभ्र आकाश पाहिजे, आणि सगळा जिल्हा ढगाची वाट बघत बसलेला. बियाणं घरात, पेरणीजोगा वाफसा नाही, माणसं पाळीवर येऊन पश्चिमेकडे बघत उभी राहायची.

आर्णीत चहा घेताना मॅडम सहज बोलून गेल्या, "आज आकाश काय सुंदर स्वच्छ आहे." चहावाल्याचा गाळणीवरचा हात थांबला. बाकड्यावरचे दोघे आमच्याकडे बघायला लागले. कोणी वावगं बोललं नाही. चहावाला फक्त म्हणाला, "हाव बाई, स्वच्छच आहे."

जीपमध्ये मॅडम रस्त्याकडेची कोरडी रानं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाऊस लांबला म्हणून मला बरं वाटतंय. किती वाईट आहे हे." त्या दिवसापासून त्यांनी आकाशाचं कौतुक करणं सोडलं. आम्ही एकमेकांना नुसतं विचारायचो, "आज काम होईल का?"

*

आणि मग ती शेवटची फेरी. हवामानवाले सांगत होते की आता ढग भरायला लागतील. म्हणजे त्या सकाळी माप मिळालं तर मिळालं. तराफा जागेवर, काच पुसलेली, म्हशी डबक्यावर, खुंट्यांवर सडा नाही. पश्चिमेला एक ढगाचा तुकडा होता, पण तो लांब होता. मॅडम पाळीवर स्क्रीनसमोर बसल्या होत्या.

दहा वाजता गावाकडून डफड्याचा आवाज आला. बायाबापड्या सगळ्या मिळून येत होत्या. पुढे दोघींच्या खांद्यावर आडवं मुसळ, त्याला फडक्यात बांधलेला बेडूक, वर कडुनिंबाचा पाला. पावसासाठी धोंडी काढली होती. घरोघरी फिरून त्या बेडकावर पाणी ओततात आणि पाऊस मागतात. पहिलं पाणी तलावाचं लागतं, म्हणून आधी इकडे आल्या होत्या. पुढे कौसाबाई, डोक्यावर घागर.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. सलीमभाई जमिनीकडे बघत राहिले. मी म्हटलं, आता काय.

कौसाबाईंनी घागर उतरवली. "काहून व बाई, तोंड काहून उतरलं तुमचं?"

मॅडमनी खरं ते सांगितलं. खोटं त्यांना जमतच नाही. म्हणाल्या, "मावशी, आज आमचा शेवटचा दिवस आहे. तो डोक्यावरून जाईपर्यंत आभाळ मोकळं राहायला पाहिजे. नाहीतर माझं इतक्या वर्षांचं काम बंद होईल. आणि तुम्ही आभाळ भरून मागायला निघाल्यात. मी काय बोलू?"

डफडं थांबलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "आमाले बी पाणी पाह्यजे बाई." बरोबरच होतं ते.

कौसाबाईंनी आभाळाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "त्याले यायले किती येळ आहे?"

"अर्धा तास."

कौसाबाई मागे वळल्या. "बसा व बायाहो. याहीचं काम होऊ द्या आधी."

आणि सगळ्या बसल्या. तलावाच्या पाळीवर ओळीने, पदर डोक्यावर घेऊन, भर उन्हात. मुसळ बाभळीच्या सावलीत ठेवलं, बेडकाचं फडकं ओलं केलं, डफडं पालथं घातलं. कोणी मोठ्याने बोललं नाही. ज्यांना पाऊस हवा होता त्या सगळ्या बाया आमच्यासाठी पाऊस न मागता बसून राहिल्या. मी उगाच दोरीची गाठ तपासत बसलो.

साडेदहा झाले. वर काही दिसत नाही, दिसणारही नसतं. मॅडम स्क्रीनवर आकडा धरून होत्या. आकडा हलला नाही, ढग आला नाही. उपग्रह आला आणि गेला. ते माप वरच्या मापाशी कसं जुळलं, त्यावरून पट्टे कसे पुसले गेले, आणि तो डोळा आजही कसा उघडा आहे, हे सगळं नंतर फोनवर, पत्रातून कळलं. त्या सकाळी पाळीवर आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मॅडमनी फक्त मान वर केली आणि डोळे पुसले.

कौसाबाई लुगडं झटकत उठल्या. घागर पाण्यात बुडवली, भरून डोक्यावर घेतली.

"झालं का बाई तुमचं?"

मॅडमनी मान डोलावली.

"मंग आता आमी मागतो."